राहीबाईनं हसू गिळलं तो दिवस

तेलंगणात नेरडीगोंड्याला हायवे सोडून आत वळलं की कापसाच्या शेतांमधला रस्ता वळणं घेत घेत खडकीला येऊन थांबतो. पुढे रस्ताच नाही, त्यामुळे खडकीत कुणी वाट चुकून येत नाही. जो येतो तो कामानंच येतो, आणि पूर्वी पुष्कळ लोकांचं काम राहीबाईकडे असायचं.

राहीबाईचा सासरा मोतीराम हा लग्नाकार्याचा स्वयंपाकी. पन्नास पानं असोत की पाचशे, त्याचा हात डगमगला नाही. घर ख्रिस्ती, गावात अशी चार-पाचच घरं. पण भाजी मोतीरामच्या चुलीवरची आहे, एवढंच पंगतीला बसलेल्याला पुरे व्हायचं. राही लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी पोळीही गोल लाटता येत नव्हती. सासऱ्यानं तिला पळी हातात दिली, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मिरच्या कांडायला लावल्या. मोतीराम थकला तेव्हा बोलावणी आपसूक सुनेकडे येऊ लागली. तिच्या वांगे-आलूच्या रश्श्याची तर्री अशी लाल, की लोक आधी नुसती बघायचे आणि मग पोळी बुडवायचे.

राहीबाईला स्तुती आवडायची. लपवून ठेवण्याएवढी नाही, चांगली उघड आवडायची. "काय वो, जमली का भाजी?" असं ती पंगतीतून फिरत विचारायची आणि उत्तर ऐकल्याशिवाय पुढे सरकायची नाही.

मग एका लग्नात घात झाला. भर उन्हाळ्याचे दिवस, दुपारपर्यंत ताटकळलेली वरात आणि उन्हात उघडी राहिलेली बासुंदी. संध्याकाळी निम्म्या पाहुण्यांची पोटं बिघडली. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानाच्या विमलबाईनं नळावर बायांना सांगितलं, "राहीनं भाजीत सोडा टाकला असन. आलू लवकर शिजाव म्हून."

सोड्याची चिमूटही पडलेली नव्हती. पण बोललेलं गावभर झालं. पुढच्या लग्नसराईत राहीबाईकडे कुणी आलं नाही. विमलबाई स्वतः हौसेनं स्वयंपाक करायची, गणपतीत आणि सप्त्यात तिचाच हात असायचा. हळूहळू लग्नंही तिच्याकडे गेली. राहीबाईनं घरामागच्या तुकड्यात वांगी, भेंडी आणि मिरच्या लावल्या, आणि ती नेरडीगोंड्याच्या बाजारात भाजी विकायला बसू लागली.

तिनं भांडण केलं नाही. तिनं नक्कल केली.

विमलबाई जाड अंगाची. कमरेला दुकानाच्या किल्ल्या, हनुवटी वर, आणि पाऊल असं उचलून टाकायची जणू सगळ्या गावात चिखल आहे आणि एकटीच्याच पायात नवी चप्पल. राहीबाई बाजारात गोणपाटावरून उठायची, कमरेला भेंड्यांची जुडी खोचायची आणि तशी चार पावलं चालायची. मग नाकातून म्हणायची, "आमच्या दुकानात असा मसाला नाई ठेवत आमी." भाजीवाल्या बाया हसून हसून लोळायच्या. पलीकडचा मिरचीवाला तेलुगू बोलणारा, त्याला शब्द कळायचे नाहीत, तोही हसायचा. वर्षागणिक नक्कल सुधारत गेली. दोघी एका गावात राहून एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण राहीबाईच्या तोंडी विमलबाई दर बाजारी असायची.

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात, एका रविवारी, पास्टर सुधाकर आदिलाबादहून मोटरसायकलवर आले. खडकीचं प्रार्थनाघर म्हणजे पत्र्याची एक खोली. माणसं सतरंजीवर बसतात, चपला दाराशी. पास्टरांनी बायबलातला प्रीतीचा अध्याय वाचला आणि पुस्तक मिटलं.

"प्रीती काय काय करते, हे तुम्हाला पाठ आहे," ते म्हणाले. "मला आज दुसरंच विचारायचंय. प्रीती काय करत नाही? यात किती 'नाही' आहेत पाहा. हेवा नाही, फुशारकी नाही, आपलंच खरं करणं नाही. सगळे एकदम पाळायला गेलो तर संध्याकाळपर्यंत हात टेकू. प्रत्येकानं एकच 'नाही' उचला, आणि ईस्टरपर्यंत सांभाळा."

म्हातारे बापूजी सगळ्यात आधी उठले. "मी रागावणार नाई," त्यांनी जाहीर केलं. प्रार्थना संपली, बापूजी दाराशी गेले, तर त्यांची चप्पल दुसराच कुणी घालून निघाला होता. "अरे ए गाढवा!" बापूजी रस्त्यापर्यंत ओरडत गेले. सगळं प्रार्थनाघर खदखदून हसलं, पास्टरही.

राहीबाईनं विचार करून एक सोपा 'नाही' निवडला होता. दुसऱ्याची फजिती झाली तर आपण त्यात मजा घ्यायची नाही. तिला वाटलं, आपण कुणाचं वाईट करतच नाही, तर हे काय अवघड आहे?

घरी येताना तिनं नवऱ्याला सांगितलं. जीवन ऑटो चालवतो, बोलतो कमी आणि हसतो मिशीत.

"मंग तू बाजारात बोलशीन काय?" त्यानं विचारलं.

"म्हंजे?"

"काई नाई. सहज विचारलं."

ते सहज विचारणं तिला बाजाराच्या दिवशी समजलं. गोणपाट अंथरलं नाही तोच मेथीवाली म्हणाली, "राहीबाई, कर ना वो इमलबाई. सकाळपासून कंटाळा येऊन राह्यला." राहीबाईचा हात भेंड्यांच्या जुडीकडे गेलाच होता. तिनं तो मागे घेतला आणि वांगी पुसायला लागली.

"काऊन, तब्येत बरी नाई का?"

"बरी हाय. ईस्टरपर्यंत बंद ठेवलं."

बायांना वाटलं, काही नवस असेल. राहीबाईला मात्र ती सकाळ संपता संपेना. जीभ तोंडात नुसती पडून होती. विमलबाईशिवाय आपल्याकडे बोलायला काय आहे, हे ती शोधत बसली, आणि जे सापडलं ते फार थोडं होतं. मग तिनं मेथीवालीला तिच्या सुनेचं विचारलं. मेथीवाली दुपारपर्यंत सुनेचं सांगत होती. ती सून आजारी आहे, हे इतकी वर्षं शेजारी बसून राहीबाईला माहीत नव्हतं.

पुढच्या बाजारी ती एकदा घसरलीही. विमलबाईनं नातीच्या लग्नाला केटरिंगवाला न सांगता सगळा स्वयंपाक स्वतःच्या अंगावर घेतलाय, अशी बातमी आली, तेव्हा राहीबाईची हनुवटी आपोआप वर गेली आणि नाकातून "आमच्या दुकानात" एवढं निघून गेलं. बाया टाळ्या पिटायला लागल्या. राहीबाईनं तोंडावर पदर धरला आणि रस्ताभर स्वतःवरच चिडत घरी आली. त्या रात्री प्रार्थनेत तिनं देवाला सांगितलं, सोपा म्हणून घेतला होता, पण हा सोपा नाही.

विमलबाईची नात मयूरी. मुलगा घाटाखालच्या निर्मल गावचा, घरचं भांड्यांचं दुकान. आमंत्रण सगळ्या गावाला होतं, राहीबाईच्या घरालाही अक्षता आल्या होत्या. लग्नाच्या सकाळी राहीबाई वांग्यांना पाणी देत होती, तेवढ्यात शेजारची रुपा कुंपणाशी धापा टाकत आली. या रुपाला गावातली बातमी पोटात ठेवता आली नाही कधी.

"काकी, चाल लवकर! मजा पाहाले चाल! इमलबाईची भाजी बुडाले लागली. सगळा गंज! मांडवापर्यंत करपल्याचा वास येऊन राह्यला!"

राहीबाईच्या हातातला पाण्याचा पाइप खाली पडला. आणि तिच्या पोटातून एक हसू वर यायला लागलं. असं हसू तिला आजवर आलं नव्हतं. कित्येक वर्षं साठलेलं, गरम, गोड. ओठांच्या टोकापर्यंत आलं. डोळ्यांसमोर सगळं दिसलं: करपलेलं भाजीचं पातेलं, किल्ल्या लटकवलेली कंबर, निर्मलचे पाहुणे, आणि पुढच्या बाजारी आपण. ती नक्कल आधीच तयार होती, नुसती उभी राहायची खोटी.

तिनं ते हसू गिळलं. कसं गिळलं, तिलाही सांगता येत नाही. नंतर ती म्हणायची, "वांग्याचं देठ अडकल्यावानी अडकलं घशात. पण गेलं खाली."

"कोणं ढवळलं?" तिनं रुपाला विचारलं.

"काय?"

"भाजी लागल्यावर ढवळली का कोणं? तळ खरवडला का?"

"मले काय माईत!"

राहीबाई ओल्या पायांनीच निघाली. ती कशाला निघाली, हे तिचं तिलाही तेव्हा नक्की माहीत नव्हतं. कदाचित बघायलाच निघाली असेल. ते ठरलं मांडवामागे पोचल्यावर.

मांडवामागे खणलेल्या चुलीवर भाजीचा मोठा गंज होता. आच अजून तशीच होती, कुणी लाकडंही ओढली नव्हती. विमलबाईला हळदीच्या विधीसाठी आत बोलावलं होतं, आणि राखायला बसवलेला माणूस बॅन्ड बघायला गेला होता. आता विमलबाई पालथ्या घमेल्यावर बसली होती. किल्ल्या मांडीवर पडल्या होत्या, पदराचं टोक दातांत. हनुवटी वर नव्हती. ती एवढी लहान दिसत होती की राहीबाईला आधी वाटलं, ही दुसरीच कुणी आहे. या बाईची नक्कल करता आली नसती.

विमलबाईनं वर पाहिलं. "आलीस?" ती म्हणाली. "पाह्य आता. पोटभर पाह्य."

 राहीबाईनं पदर खोचला आणि आधी चुलीतली जळती लाकडं बाहेर ओढली. मग पळी घेतली, वरचा रस्सा अलगद उचलला, हातावर घेऊन चाखला. पुन्हा चाखला.

"ढवळली नाई तुमी?"

"हात लावायची हिंमत नाई झाली."

"लय चांगलं केलं. दुसरे दोन गंज कुठी हाय? वरची सगळी काढून घेऊ. तळाले पळी लागू द्यायची नाई."

"वास कसा काढशीन? धुराचा वास कुठी जाते?"

"नाईच जात," राहीबाई म्हणाली. "म्हून काढायचा नाई. वाढवायचा."

रुपा मागोमाग येऊन उभीच होती. राहीबाईनं रुपाला पिटाळलं, "जा, आमच्या यायले सांग, झाडावर असन तेवढं वांगं तोडून ऑटोत घालून आना. लहान-मोठं पाहू नका. आन पऱ्हाट्याचा एक भारा." रुपा धावली. तिला वाटत होतं ती मजा पाहायला आलीय, आणि आता ती कामाला लागली होती.

ऑटो वांग्यांनी भरून आला. जीवन खाली उतरला. त्यानं मोकळ्या जागेत कापसाच्या वाळलेल्या काड्या पेटवल्या, वांगी त्यात टाकली. भरिताला भाजतात तशी. साली काळ्या होऊन फुटल्या, आत पांढरा गर वाफाळला, आणि सगळ्या मागच्या अंगणात भाजल्या वांग्याचा तो खमंग धूर पसरला. राहीबाईनं आणि विमलबाईनं समोरासमोर बसून साली काढल्या. बोटं भाजत होती, दोघी फुंकर घालत होत्या.

"लसूण?" विमलबाईनं विचारलं.

"लसूण, शेंगदाण्याचा कूट, आन तीळ. तीळ हाय का तुमच्या दुकानात?"

"माया दुकानात काय नाई!" विमलबाई सवयीनं म्हणाली, आणि किल्ल्या काढून रुपाच्या हातात दिल्या.

गर घोटून रश्श्यात मिसळला. वरून कूट, तीळ, लसणाची कडक फोडणी आणि मूठमूठ कोथिंबीर. करपल्याचा वास आता कुठे गेला ते शोधूनही सापडेना. तो भाजल्या वांग्याच्या वासात जाऊन असा बसला, जणू पहिल्यापासून तिथलाच. विमलबाईनं चाखलं. डोळे मिटले. मग पळी राहीबाईच्या हातात परत दिली.

तिकडे अक्षता पडल्या, पंगत बसली. राहीबाई मागेच राहिली, गंजांपाशी. रुपाला तिनं दंडाला धरून बजावलं, "ही भाजी इमलबाईची. समजलं? तुया तोंडातून एक शब्द जरी निघाला ना."

"काकी, माया पोटात दुखन," रुपा रडकुंडीला येऊन म्हणाली.

"दुखू दे."

पहिल्या पंगतीतच गडबड उडाली. वाढपी परत परत येऊ लागले. "रस्सा द्या, रस्सा." निर्मलकडची माणसं भात बाजूला ठेवून नुसती भाजी मागत होती. नवऱ्या मुलाचे मामा सुटलेल्या पोटाचे, खाण्यातले दर्दी. ते पंगतीतून उठले, हात धुतला आणि सरळ मांडवामागे आले. मागोमाग दहा-पंधरा माणसं.

"अरे, ये कूरा किसने बनाया?" मामांनी निर्मलच्या पद्धतीनं हिंदी, तेलुगू सगळं एकत्र करून भाजीचं विचारलं, आणि मग मराठीत, "असं वांगं मी जन्मात खाल्लं नाही. कोणाचा हात आहे हा?"

"इमलबाईचा," राहीबाई पटकन म्हणाली. "नवरीच्या आजीचा. दुसरं कोन करन असं?"

मामांनी खांद्यावरची नवी शाल काढली आणि विमलबाईसमोर धरली. सगळे टाळ्या वाजवायला लागले. विमलबाईनं शालीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"पाव्हणे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नळावर ऐकू येतो तसाच खणखणीत निघाला, "माई भाजी करपली होती. हे हिनं वाचवलं. ही राही. मोतीरामबुवाची सून."  गावातली माणसं सगळी ऐकत होती. "आन आजून एक सांगतो. त्या वक्ताले मी म्हनलं होतं, हिनं सोडा टाकला. तिनं काई टाकलं नोतं. बासुंदी नासली होती. मले तवाच माईत होतं."

 राहीबाईला वाटलं होतं, हे वाक्य कधी ऐकायला मिळालं तर आपण छाती काढून उभ्या राहू. प्रत्यक्षात तिला पहिल्यांदा जाणवलं ते असं, की सगळ्या गावासमोर, नातीच्या लग्नात, हे बोलायला विमलबाईला किती जड गेलं असेल.

"इमलबाई, तिकडं दुसरी पंगत बसून राह्यली," ती घाईघाईनं म्हणाली. "शाल मंग घेऊ. मीठ पाहून घ्या एकदा, मले आज चव कळून नाई राह्यली." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते धुरानं आहे असं ती प्रत्येकाला सांगत होती. रुपा मात्र मोठ्यानं म्हणाली, "आता सांगू का मी? आता सांगितलं तर चालते ना?" आणि सगळे हसायला लागले.

दुपार उतरली, नवरी निर्मलला गेली. मागे गंज घासायला दोघी बसल्या, एकीकडे राख, एकीकडे नारळाची शेंडी. तळाचा करपलेला थर निघता निघेना.

"राही," विमलबाई घासता घासता म्हणाली, "तू बाजारात माई नक्कल करते म्हनते."

राहीबाईच्या हातातली शेंडी थांबली. "कोणं सांगतलं?"

"सगळ्यायनं. कर ना. मले पाहाची हाय."

"नाई. सोडलं मी ते."

"अवं कर! येवढं गाव हसलं, मीच तेवढी राह्यली."

"नाई म्हनलं ना. तुमच्या पाया पडतो."

"बरं, मंग तू बस." विमलबाई राखेच्या हातांनी उठली. तिनं पदर खोचला, दोन्ही हात कमरेवर ठेवले, एका काल्पनिक पळीतला रस्सा तळहातावर घेतला, जिभेनं टिपला, डोळे आभाळाकडे फिरवले आणि पंगतीतून फिरावं तशी मान वाकवत निघाली, "काय वो, जमली का भाजी? काय वो, जमली का?"

राहीबाई बघत राहिली. हुबेहूब. ती मान, ते डोळे, ती उत्तरासाठी थांबायची पद्धत. म्हणजे इतकी वर्षं दुकानाच्या ओट्यावर ही पण...

"तुमी बी?" तिच्या तोंडून निघालं.

"मंग? तुलेच येते का?"

आणि मग जे हसू राहीबाईनं सकाळी गिळलं होतं, त्याच्या दुप्पट बाहेर पडलं. ती गंजाला धरून हसली, विमलबाई घमेल्यावर बसून हसली, आणि जीवन ऑटो पुसत होता तो फडकं तोंडात कोंबून मागे वळून उभा राहिला.

त्या लग्नापासून खडकीत मोठा स्वयंपाक असला की दोघींना एकत्र सांगतात. एकत्र म्हणजे शांतपणे नव्हे. मीठ किती, तिखट कधी, यावरून चुलीपाशी दर वेळी रण पेटतं. विमलबाई म्हणते राहीचा हात मोकाट आहे. राहीबाई म्हणते दुकानदाराच्या बाईला मसाला मोजूनच टाकायची सवय. पण भाजी चुलीवरून उतरली की वाद संपतो, आणि चुलीपाशी बोललेलं दोघी घरी घेऊन जात नाहीत.

परवा मामांनी धाकट्या मुलाच्या लग्नासाठी दोघींना निर्मलला बोलावलं. जीवनच्या ऑटोत पळ्या, झारे आणि मसाल्याचे डबे भरले. घाट उतरताना दोन्ही बाजूंना पळस लालभडक फुलला होता. विमलबाईला घाटात मळमळतं, म्हणून राहीबाईनं तिला लिंबू दिलं आणि कडेची जागा सोडली. खाली पोचल्यावर हॉटेलात दोघींनी इडली मागवली. चटणीचा पहिला घास घेतल्याबरोबर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"खोबरं शिळं हाय," विमलबाई हळूच म्हणाली.

"हाव. पण त्याले सांगू नका. पोरगं नवं दिसते गल्ल्यावर, आताच दुकान टाकलं असन."

मग राहीबाईनं गल्ल्यावरच्या त्या पोराला हाक मारून सांगितलं की इडली एकदम मऊ झालीय, आणि दोघींनी आणखी एकेक प्लेट मागवली.